दोष कोणाचा? : लिनक्सवरील बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर आणि त्याच्या सूचना-वाङ्मयाची समीक्षा

सारांश

लिनक्स प्रणालीवर बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर बसविताना येणाऱ्या अडचणी हा सामान्यतः तंत्रज्ञांच्या अखत्यारीतील विषय समजला जातो. प्रस्तुत लेखात एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरचे उदाहरण घेऊन या अडचणींचे स्वरूप, त्यांवरील उपाय आणि ज्या भाषेत त्या वापरकर्त्यापुढे मांडल्या जातात ती भाषा यांची समीक्षा केली आहे. या अडचणी वापरकर्त्याच्या अज्ञानातून किंवा यंत्राच्या बिघाडातून उद्भवत नाहीत. दोन भिन्न मालकी-कल्पनांच्या सीमारेषेवर त्या उद्भवतात आणि सूचनांची भाषा ही सीमारेषा दृष्टीआड ठेवते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : लिनक्स, ड्रायव्हर, मुक्त आज्ञावली, मालकी हक्क, सूचना-वाङ्मय.

१. प्रस्तावना

वाङ्मयाची समीक्षा करताना आपल्यासमोर बहुधा कविता, कादंबरी, नाटक किंवा वैचारिक लेखन असते. परंतु आजच्या सुशिक्षित माणसाच्या वाचनात सूचनापत्रके, परवाने, त्रुटीसंदेश आणि दुरुस्तीची मार्गदर्शके यांचाही मोठा वाटा आहे. हा मजकूर वाचकाला काही सांगतो एवढेच नव्हे, तर त्याच्याकडून काही करवून घेतो. एखादी गोष्ट बिघडली तर ती कोणी बिघडवली, कोणी दुरुस्त करायची आणि कोणाला जाब विचारायचा, हेही तो अप्रत्यक्षपणे ठरवीत असतो. म्हणूनच हे लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य नाही.

या दृष्टीने लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर हा विषय विशेष विचारार्ह आहे. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत लिनक्सचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. पूर्वी ग्राफिक्स कार्ड हे मुख्यतः खेळ, चित्रण आणि आरेखन यांसाठी घेतले जाई. आता यंत्र-अध्ययन, रेण्वीय प्रतिरूपण, हवामानाचे गणित, भाषाविज्ञानातील प्रारूपे अशा अनेक विद्याशाखांचे काम त्याच कार्डावर चालते. परिणामी, ड्रायव्हर बसला नाही म्हणून अडून राहणाऱ्यांत आता संगणकशास्त्राचे विद्यार्थीच केवळ नसतात. रसायनशास्त्राचा संशोधक आणि मराठीचा कोशकार हेही त्यांत असू शकतात.

ड्रायव्हर म्हणजे प्रणालीचा गाभा असलेले कर्नल आणि एखादे यंत्र यांच्यामधील दुभाष्या आज्ञावली. हा दुभाष्या काय बोलतो हे कोणालाही तपासता येत असेल, तर तो मुक्त. तो केवळ यंत्रभाषेच्या स्वरूपात दिला असेल आणि त्याची मूळ संहिता गुप्त असेल, तर तो बंदिस्त. लिनक्सचे कर्नल मुक्त आहे आणि येथे विचारात घेतलेला ड्रायव्हर दीर्घकाळ बंदिस्त राहिला. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ या विसंगतीपासून होतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमच एका ड्रायव्हरसदृश प्रश्नात आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरकर्त्यांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीत केली होती. नव्या प्रिंटरची मूळ संहिता मिळू न शकल्याने तीच सुधारणा तेथे करता आली नाही. या अनुभवाचा उल्लेख स्टॉलमन यांनी पुढे वारंवार केला आहे. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले आणि १९९२ मध्ये ते ग्नू प्रकल्पाच्या जनरल पब्लिक लायसन्सखाली, म्हणजेच ‘जीपीएल’खाली आणले. या परवान्याचे मर्म असे की, आज्ञावली कोणीही वापरावी आणि बदलावी. मात्र तिच्यापासून सिद्ध केलेली आज्ञावली वितरित करताना तिची मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी.

ग्राफिक्स कार्डांच्या उत्पादकांनी या अटीला निरनिराळा प्रतिसाद दिला. इंटेलने आपल्या अंगभूत ग्राफिक्ससाठी मुक्त ड्रायव्हरचा मार्ग स्वीकारला. एटीआय कंपनी दीर्घकाळ बंदिस्त ड्रायव्हर देत असे. २००६ मध्ये एएमडीने ती विकत घेतली आणि २००७ मध्ये कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे धोरण जाहीर केले. त्यातूनच पुढे २०१५ मध्ये एएमडीचा नवा मुक्त ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडियाने मात्र लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला तो बंदिस्त स्वरूपात. तो कार्यक्षम होता, नियमितपणे अद्ययावत केला जात होता आणि विंडोजवरील ड्रायव्हरशी बरीच समान संहिता बाळगून होता. त्याच्या गुणवत्तेविषयी फारसा वाद नव्हता. तो वाचता येत नव्हता, हा आक्षेप होता.

या नकाराला उत्तर म्हणून काही स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनाचे निरीक्षण करून, म्हणजे उलट-अभियांत्रिकीच्या मार्गाने, ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर तयार करण्यास प्रारंभ केला. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नवा’ असा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.३३ या कर्नल-आवृत्तीत त्याचा समावेश झाला. त्यामुळे एकाच कार्डावर हक्क सांगणारे दोन ड्रायव्हर अस्तित्वात आले. स्थापनेतील अडचणींचा विचार करताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३. अडचणींचे स्वरूप

एनव्हिडियाच्या ड्रायव्हर-संचाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग कर्नलमध्ये बसणारे मॉड्यूल. दुसरा भाग कर्नलबाहेर राहून चित्रांकनाच्या आणि गणनेच्या सुविधा पुरविणारी ग्रंथालये. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडा या त्यांतील प्रमुख सुविधा होत. बंदिस्त मॉड्यूलमध्ये पुन्हा दोन थर असतात. एक थर केवळ यंत्रभाषेत दिलेला आणि दुसरा, त्याला कर्नलशी जोडणारा, मूळ संहितेसह दिलेला पातळ थर. हा पातळ थर वापरकर्त्याच्या संगणकावर, त्या संगणकावरील कर्नलनुसार, दर वेळी नव्याने संकलित करावा लागतो. बहुतेक अडचणींचे मूळ या रचनेत आहे. त्यांपैकी पाच प्रमुख अडचणी पुढे दिल्या आहेत.

पहिली अडचण संकलनाची. कर्नलच्या चालू आवृत्तीशी तंतोतंत जुळणाऱ्या हेडर फाइली किंवा योग्य कंपायलर संगणकावर नसेल, तर मॉड्यूल तयार होत नाही. कर्नल एका आवृत्तीचे आणि हेडर दुसऱ्या आवृत्तीचे, असे वारंवार घडते. अशा वेळी पडद्यावरील मोघम संदेशापेक्षा स्थापना-आज्ञावलीने मागे ठेवलेली नोंदवही वाचणे अधिक उपयुक्त ठरते, कारण पहिली खरी त्रुटी तेथेच सापडते. शेवटच्या ओळीत बहुधा तिचा परिणाम असतो.

दुसरी अडचण नूव्होची. संगणक सुरू होताच नूव्हो कार्डाचा ताबा घेतो आणि एका वेळी एकच ड्रायव्हर कार्ड चालवू शकतो. नूव्होचे नाव वर्ज्य-यादीत घालावे, असा उपाय सांगितला जातो. परंतु प्रणाली सुरू होताना प्रथम जी लहान प्रारंभिक प्रतिमा उघडली जाते, तिच्यातही नूव्होची प्रत असू शकते. ही प्रतिमा नव्याने बांधून घेतली नाही, तर यादीत नाव असूनही नूव्हो आधीच दाखल झालेला असतो. हा दुसरा टप्पा वगळल्यामुळे अनेकांचे श्रम वाया जातात.

तिसरी अडचण कर्नलच्या अद्ययावतीकरणाची. सुरक्षेसाठी कर्नल बदलले की जुने मॉड्यूल निरुपयोगी होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा दिसतो. यावर डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था काढली. नवे कर्नल आले की ती मॉड्यूल आपोआप पुन्हा संकलित करते. मात्र नव्या कर्नलच्या अंतर्गत रचनेत बदल झाला असेल आणि ड्रायव्हर जुना असेल, तर हे संकलनही अपयशी ठरते. त्या वेळी आरंभीच्या यादीतून मागील कर्नल निवडून संगणक सुरू करणे, हा सुरक्षित मार्ग होय.

चौथी अडचण स्वाक्षरीची. ‘सिक्युअर बूट’ चालू असलेल्या संगणकावर ज्या मॉड्यूलवर मान्य किल्लीची अंकीय स्वाक्षरी नाही, ते मॉड्यूल बहुतेक वितरणांत कर्नल नाकारते. संगणकावर स्वतः संकलित केलेल्या मॉड्यूलवर अशी स्वाक्षरी आपोआप असत नाही. मालकाने स्वतःची किल्ली तयार करून ती नोंदवावी लागते. ही नोंदणी संगणक पुन्हा सुरू होताना येणाऱ्या एका निळ्या पडद्यावर, मर्यादित वेळात करायची असते. तो पडदा निसटला तर नोंदणी होत नाही आणि मॉड्यूल संकलित होऊनही दाखल होत नाही. दूरवरून सर्व्हर सांभाळणाऱ्याला तर हा पडदा दिसतच नाही.

पाचवी अडचण आवृत्ती-विसंगतीची. ड्रायव्हर-संच अद्ययावत केला, परंतु संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर स्मृतीत जुने मॉड्यूल आणि डिस्कवर नवी ग्रंथालये अशी स्थिती होते. कार्डाची माहिती देणारी आज्ञा मग मॉड्यूल आणि ग्रंथालय यांच्या आवृत्त्या जुळत नसल्याचे सांगते. संगणक पुन्हा सुरू करणे एवढाच यावर बहुधा उपाय असतो.

या पाचही अडचणी एकत्र ठेवून पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. यांतील एकीचाही संबंध चित्र काढण्याशी किंवा गणित करण्याशी नाही. कार्ड सुस्थितीत असते, कर्नल सुस्थितीत असते, ड्रायव्हरमधील मुख्य आज्ञावलीही सुस्थितीत असते. अडचण येते ती या तिघांना जोडणाऱ्या सांध्यावर. हाच ड्रायव्हर मुक्त स्वरूपात कर्नलमध्ये समाविष्ट असता, तर कर्नल बदलणाऱ्यांनीच तोही सोबत बदलला असता. कर्नलबरोबर त्याचेही संकलन झाले असते आणि वितरकाची स्वाक्षरीही त्याच्यावर आली असती. इंटेल आणि एएमडी यांच्या मुक्त ड्रायव्हरबाबत हे प्रत्यक्ष घडते. त्या ड्रायव्हरमध्येही दोष असतात; परंतु ते दोष ड्रायव्हरचे असतात, स्थापनेचे क्वचितच. ज्याला आपण ‘तांत्रिक बिघाड’ म्हणतो, तो बऱ्याच अंशी दोन परवान्यांमधील न सुटलेला करार आहे आणि त्याची किंमत वापरकर्ता आपल्या वेळाने चुकवीत असतो.

४. सूचनांची भाषा

ड्रायव्हरसोबत येणारी एनव्हिडियाची माहिती-पुस्तिका हे या प्रकारच्या लेखनाचे चांगले उदाहरण आहे. आवश्यक घटकांची यादी, स्थापनेच्या पायऱ्या, नेहमीच्या अडचणी, ज्ञात दोष आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न अशी तिची मांडणी आहे. तपशिलाच्या दृष्टीने ती परिपूर्ण आहे आणि तिच्यातील उपाय बहुतांशी अचूक आहेत. या प्रामाणिकपणाचे श्रेय तिला द्यावयास हवे. प्रश्न तिच्या व्याकरणाचा आहे. आज्ञार्थी वाक्यांचा कर्ता सदैव वापरकर्ता असतो. त्याने हेडर मिळवावेत, त्याने चित्रपटल-सेवा बंद करावी, त्याने नूव्हो दूर करावा, त्याने किल्ली नोंदवावी. ज्या निर्णयामुळे हे सर्व करावे लागते, त्या निर्णयाचा कर्ता वाक्यात कोठेही येत नाही.

नूव्होविषयीचे विवेचन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नूव्हो हा उलट-अभियांत्रिकीतून घडलेला मुक्त प्रकल्प आहे, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही आणि कंपनीचा ड्रायव्हर बसविण्यापूर्वी तो निष्क्रिय करावा लागतो, असे पुस्तिका सांगते. यातील प्रत्येक विधान खरे आहे. परंतु उलट-अभियांत्रिकीची गरज का पडली, याचा उल्लेख नाही. कार्डाची माहिती उपलब्ध नव्हती म्हणून जे निर्माण झाले, ते येथे केवळ वाटेतील अडथळा म्हणून वाचकासमोर येते. विधाने सत्य असूनही एकूण चित्र एकांगी कसे होऊ शकते, याचा हा नमुना आहे.

त्रुटीसंदेशांची भाषा याहून तुटक असते. जुन्या एक्स सर्व्हरचा एक सुपरिचित संदेश, कोणताही पडदा सापडला नाही, असे सांगतो आणि वापरकर्ता तो संदेश पडद्यावरच वाचत असतो. येथे ‘पडदा’ याचा अर्थ कार्ड, ड्रायव्हर आणि दर्शक यांची जुळलेली रचना असा आहे. परंतु हा पारिभाषिक अर्थ वाचकाला कोणी सांगितलेला नसतो. दर्शक सुस्थितीत असता तारा तपासण्याकडे तो वळतो. चुकीच्या जागी शोध घ्यावयास लावणारा संदेश हा केवळ अपुरा ठरत नाही, तो दिशाभूलही करतो.

दुसऱ्या बाजूची भाषाही तपासली पाहिजे. बंदिस्त मॉड्यूल दाखल होताच लिनक्स कर्नल स्वतःला ‘डागाळलेले’ असे नोंदवते. बंदिस्त मॉड्यूलसाठी एक अक्षर, कर्नलबाहेरून आलेल्या मॉड्यूलसाठी दुसरे, स्वाक्षरी नसलेल्यासाठी तिसरे, अशी ही चिन्हव्यवस्था आहे. डागाळलेल्या कर्नलविषयीच्या तक्रारी कर्नलचे विकासक सहसा विचारात घेत नाहीत. हा शब्द वाचताना मराठी वाचकाला सोवळ्या-ओवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडविण्याचा तोच सूर येथेही ऐकू येतो. परंतु ही तुलना फार ताणता येणार नाही. सोवळ्याचा विटाळ जन्मावरून किंवा स्पर्शावरून मानला जाई आणि तपासाला तेथे जागा नव्हती. कर्नलमधील डाग हे तपासणीच्या मर्यादेचे निवेदन आहे. जी संहिता वाचता येत नाही, तिच्यामुळे झालेल्या बिघाडाची हमी विकासक देऊ शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ही भूमिका तर्कसंगत आहे. मात्र तिचा परिणाम तोच होतो. कर्नलचे विकासक वापरकर्त्याला कंपनीकडे पाठवितात. कंपनीचा परवाना आज्ञावली ‘आहे त्या स्थितीत’ देतो. दोन्ही दारे शिष्टाचाराने बंद होतात आणि वापरकर्ता मध्ये उभा राहतो.

५. दोन्ही पक्षांच्या भूमिका

कर्नलच्या विकासकांची भूमिका त्यांच्याच दस्तऐवजांत स्पष्टपणे मांडलेली आहे. कर्नलच्या अंतर्गत जोडणीला स्थिर स्वरूप का दिले जात नाही, याचे विवेचन ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी एका टिपणात केले असून ते कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात समाविष्ट आहे. त्याचा आशय असा की, स्थिर जोडणीची अपेक्षा बाळगणाऱ्याला खरी गरज असते ती स्थिर ड्रायव्हरची आणि तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आणल्यानेच मिळतो. २००८ मध्ये शंभराहून अधिक कर्नल-विकासकांनी बंदिस्त मॉड्यूल अनिष्ट असल्याचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील एका कार्यक्रमात टॉरवल्ड्स यांनी एनव्हिडियाविषयी जाहीरपणे अत्यंत कडवट उद्गार काढले. २०२० मध्ये ५.९ या आवृत्तीत, मुक्त मॉड्यूलचा पातळ थर मध्ये घालून केवळ जीपीएल-संहितेसाठी राखलेल्या सुविधा बंदिस्त मॉड्यूलला पुरविण्याची पळवाट बंद करण्यात आली.

या भूमिकेत तात्त्विक सुसंगती आहे. तथापि तिच्यात एक उणीव जाणवते. अस्थिर जोडणीचा दबाव कंपनीवर पडेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. प्रत्यक्षात मोठ्या कंपनीने अभियंते नेमून तो दबाव सहन केला आणि त्याची प्रत्यक्ष झळ ज्याच्याकडे अभियंते नाहीत अशा वापरकर्त्याला लागली. तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्याने त्या आग्रहाची किंमत कोण देतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे. तो या दस्तऐवजांत पुरेसा मांडलेला दिसत नाही.

कंपनीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद उपयुक्ततेचा आहे आणि तो सहज नाकारता येण्यासारखा नाही. २००७ पासून उपलब्ध झालेल्या कुडाने ग्राफिक्स कार्डाला संशोधनाचे साधन बनविले. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक एनव्हिडियाच्या प्रक्रियकांवर उभारलेला असून नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्याला ६३ वे स्थान मिळाले होते. त्या यादीतील सर्वच महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. म्हणजे मुक्त प्रणाली आणि बंदिस्त गणन-ग्रंथालये यांचे सहजीवन हे आजच्या विज्ञानाचे वास्तव आहे. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ समूहानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन, यंत्र चालण्यास आवश्यक असलेली बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-माध्यमात घेण्याचे ठरविले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ पासून त्याची अंमलबजावणी केली. तेथे तडजोड झाली. परंतु ती उघडपणे, मतदानाने आणि वेगळे नाव देऊन झाली. वापरकर्त्याला आपण काय स्वीकारीत आहोत हे कळते. तडजोड करणे आणि ती लपविणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

६. २०२२ नंतरची स्थिती

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नल-मॉड्यूलची मूळ संहिता एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली प्रसिद्ध केली. २०२४ पासून योग्य त्या कार्डांसाठी हीच मुक्त मॉड्यूल पसंतीची ठरविण्यात आली आणि ब्लॅकवेल पिढीच्या कार्डांना तर तीच अनिवार्य आहेत. तेव्हा प्रश्न सुटला, असे म्हणावयाचे काय? सूक्ष्मपणे पाहिल्यास सीमारेषा नाहीशी झालेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी मॉड्यूलमध्ये असलेले बरेच कार्य आता कार्डावरील एका स्वतंत्र प्रक्रियकाच्या फर्मवेअरमध्ये गेले असून ती फर्मवेअर बंदिस्त आहे. वरच्या बाजूला कुडासह कर्नलबाहेरील ग्रंथालयेही बंदिस्तच आहेत. शिवाय ही मुक्त मॉड्यूल कर्नलच्या बाहेरच राहिल्याने संकलन, स्वाक्षरी आणि आवृत्ती-विसंगती यांच्या वर वर्णिलेल्या अडचणी कायम आहेत. मुक्त फर्मवेअरशिवायही या बदलाचा लाभ झाला, हे मात्र मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२४ मधील ६.७ या कर्नलपासून नूव्होलाही ती फर्मवेअर वापरून नव्या कार्डांचा वेग वाढविता येऊ लागला.

या बदलात जी कार्डे मागे राहिली, त्यांचा प्रश्न महाविद्यालयांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. मुक्त मॉड्यूल केवळ २०१८ मधील ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी आहेत. त्यापूर्वीच्या कार्डांचा आधार टप्प्याटप्प्याने संपत गेला. ३४० शाखेचा २०१९ अखेर, फर्मी पिढीच्या ३९० शाखेचा २०२२ अखेर, केप्लर पिढीच्या ४७० शाखेचा २०२४ मध्ये. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

यांतील मधल्या पिढ्यांची अवस्था विशेष शोचनीय आहे. केप्लर कार्डाचा वेग नूव्हो हाताने का होईना वाढवू शकतो. ट्युरिंगनंतरच्या कार्डांना नवी फर्मवेअर आहे. परंतु मॅक्सवेलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून व्होल्टापर्यंतच्या कार्डांत कंपनीची स्वाक्षरी असलेलीच फर्मवेअर चालते आणि वेग बदलण्यास आवश्यक तो भाग मुक्त ड्रायव्हरसाठी उपलब्ध नाही. त्यामुळे नूव्होखाली ही कार्डे आरंभीच्या मंद वेगावरच अडकून पडतात. बंदिस्त ड्रायव्हरचा आधार संपल्यावर, नव्या कर्नलशी त्याचे संकलन एखाद्या दिवशी थांबेल. त्या दिवशी कार्डाचा एकही भाग झिजलेला नसेल. अनुदानातून घेतलेले, जडसंग्रह-नोंदवहीत चालू स्थितीत दाखविलेले यंत्र केवळ एका गुप्त संहितेच्या अभावी निकामी ठरेल. स्टॉलमन यांना प्रिंटरच्या बाबतीत जी सुधारणा करता आली नाही, तिच्याइतकी ही अडचण किरकोळ नाही. येथे सुधारणेचा नव्हे, तर वापराचाच हक्क संपतो.

७. शैक्षणिक उपयोजन

या विवेचनातून अध्यापकांना काही व्यावहारिक निष्कर्ष काढता येतील. पहिला, खरेदीविषयीचा. निविदेतील तपशिलात कार्डाची स्मृती आणि वेग नोंदविला जातो. त्याबरोबरच कर्नलमध्ये मुक्त ड्रायव्हर आहे किंवा कसे आणि निर्मात्याचा आधार किती काळ मिळेल, हीही अट घालता येते. जेथे कुडाची खरोखरच गरज आहे, तेथे बंदिस्त ड्रायव्हर जाणीवपूर्वक स्वीकारावा. जेथे केवळ दर्शक चालवायचे आहेत, तेथे तो स्वीकारण्याचे कारण नाही.

दुसरा, स्थापनेविषयीचा. निर्मात्याची थेट स्थापना-फाइल वापरण्यापेक्षा आपल्या वितरणाच्या भांडारातील ड्रायव्हर-संच निवडावा. त्यामुळे कर्नल आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या जुळविण्याचे काम वितरक करतो. दोन्ही पद्धती एकाच संगणकावर मिसळू नयेत. आधीची काढल्याशिवाय दुसरी घालू नये. किमान एक जुने, चालते कर्नल राखून ठेवावे.

तिसरा, अध्यापनाविषयीचा. त्रुटीसंदेश आणि नोंदवही यांचे वाचन हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम अभ्यास ठरू शकतो. संदेशाचा कर्ता कोण, तो काय सांगतो, काय गृहीत धरतो आणि काय वगळतो, हे प्रश्न भाषेच्या तासाला जितके उचित, तितकेच संगणकाच्या तासालाही उचित आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध झाले आहेत. दुरुस्तीविषयक लेखन मराठीत येऊ शकते, हे त्यावरून सिद्ध होते. असे लेखन करताना केवळ पायऱ्यांचे भाषांतर न करता प्रत्येक पायरीचे कारणही द्यावे. नूव्हो दूर करा, एवढेच न सांगता तो का आहे आणि त्याला का दूर करावे लागते, हे दोन वाक्यांत सांगितले तरी वाचकाच्या आकलनात मोठा फरक पडेल.

८. समारोप

बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर बसविताना आलेल्या अपयशाचे खापर आपल्याकडे सामान्यतः लिनक्सवर किंवा स्वतःच्या अज्ञानावर फोडले जाते. प्रयोगशाळा-सहायकाला ‘जमत नाही’ आणि प्रणाली ‘अवघड’ आहे, असे शेरे नोंदविले जातात. वरील विश्लेषणावरून असे दिसते की, हे दोन्ही शेरे अपुरे आहेत. अडचण मालकीच्या सीमारेषेवर उद्भवते, ती रेषा कंपनी आणि विकासक यांनी आखलेली आहे आणि तिच्यावरील दैनंदिन डागडुजीचे काम मात्र रेषा आखण्यात ज्याचा काहीही सहभाग नव्हता अशा माणसाकडे आले आहे. सूचनांची आज्ञार्थी भाषा ही वस्तुस्थिती झाकून ठेवते. समीक्षेचे काम वाक्यातून गाळला गेलेला कर्ता पुन्हा वाक्यात आणण्याचे आहे. तो आणला की दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बदलते आणि पुढील खरेदी, पुढील पाठ व पुढील तक्रार कोणाच्या नावे लिहायची, हेही अधिक स्पष्ट होते.